भात शेवटी: रत्नागिरीत दहा जणांची चिनी मेजवानी

आमच्या पहिल्या मेजवानीत अकरा पदार्थ पंधरा मिनिटांत टेबलावर आले. सूपच्या वाट्या अजून अर्ध्या भरलेल्या होत्या, तेवढ्यात फ्राइड राइसच्या तीन बशा, नूडल्स, दोन ग्रेव्ह्या आणि वाफवलेला अख्खा मासा अशी वरातच आली. ठेवायला जागा नाही म्हणून वेटरने माशाचं ताट शेजारच्या रिकाम्या टेबलावर सरकवलं. आम्ही सवयीने आधी भात वाढून घेतला, त्यावर ग्रेव्ही ओतली आणि वीस मिनिटांत ढेकर दिले. मासा आठवला तेव्हा तो गार पडला होता.

यात हॉटेलवाल्याचा काही दोष नव्हता. आम्ही मागवलंच तसं होतं. चिनी मेजवानी म्हणजे पुष्कळ पदार्थ, अशी आमची समजूत. खरं तर ती एका टेबलाची, एका वेळी एका पदार्थाची आणि क्रमाची गोष्ट आहे. त्यानंतर पाच-सहा वेळा हा घाट घातला. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग, कुठेही थोड्या फरकाने जमेल.

आधी एक खूणगाठ बांधा. चिनी जेवणात दोन भाग मानतात: फान म्हणजे भात किंवा तत्सम धान्य, आणि त्साय म्हणजे त्याच्यासोबतचं सगळं. रोजच्या घरच्या जेवणात फान मुख्य, त्साय तोंडीलावणं. मेजवानीत हे उलटं होतं. यजमान त्साय खाऊ घालतो आणि भात किंवा नूडल्स शेवटी येतात, तेही कुणाच्या पोटात कोपरा उरला असेल तर. पाहुण्याने भातावर ताव मारला तर यजमानाने पोटभर वाढलं नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आपण वरणभाताने सुरुवात करणारी माणसं, त्यामुळे हे पचायला जड जातं. पण एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी मेजवानी जमली म्हणून समजा.

माणसं आणि तारीख

माणसं आठ ते दहा. चीनमध्ये लग्नाच्या जेवणाचा हिशेबच टेबलावर चालतो, एका टेबलाला दहा-बारा जण. सहापेक्षा कमी असाल तर पदार्थ कमी करावे लागतात. बाराच्या वर गेलात तर दोन टेबलं होतात, म्हणजे दोन वेगळ्या मेजवान्या. निवड करताना एकच कसोटी लावा: ‘मला एक शेजवान राइस सांगा, बाकी तुमचं चालू दे’ म्हणणारा माणूस कितीही जवळचा असला तरी या दिवशी नको. त्याला दुसऱ्या दिवशी गाडीवर ट्रिपल शेजवान खिलवा. ट्रिपल शेजवानला मी नावं ठेवत नाही. कोलकात्याच्या हाक्का चिनी मंडळींनी आणि मुंबईच्या हॉटेलांनी घडवलेलं हे आपलं वेगळंच खाणं आहे. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वँग यांना देतात. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते केलं, असं सांगतात. पण कॉर्नफ्लोअरच्या दोन ग्रेव्ह्या एकापाठोपाठ खाल्ल्या की तिसऱ्या पदार्थाची चव लागत नाही, आणि इथे तर आठ पदार्थ खायचे आहेत.

तारीख काढणं हे कोकणात सगळ्यात कठीण काम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ती उठेपर्यंत श्रावण लागलेला असतो किंवा लागायच्या बेतात असतो. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. त्यातून सुटलात तर वार आडवे येतात. आमच्यात सोमवार भाईंचा, गुरुवार दोघांचा, शनिवार वहिनींचा, शिवाय संकष्टी. उरतात मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते आणि भट्टीवरच्या माणसाला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून बुधवार, रात्री साडेसात. खेकडे हवे असतील तर अमावास्येच्या आसपासचा बुधवार बघा, तेव्हा ते भरलेले असतात असं आमच्याकडे मानतात. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम.

भट्टीवरच्या माणसाशी बोलणं

हे काम फोनवर होत नाही. आठवडाभर आधी, दुपारी चार-साडेचारला हॉटेलात जा. तेव्हा किचन निवांत असतं. मॅनेजरला भेटा, पण बोलणं चायनीजच्या कारागिराशी करा. कोकणातल्या बऱ्याच हॉटेलांत हा माणूस नेपाळचा किंवा ईशान्येकडचा असतो. त्याला वाफवलेला मासा, लसणीवर परतलेली पालेभाजी हे नीट माहीत असतं, फक्त इथे कुणी ते मागत नाही. आमच्या कारागिराला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही खाणार? मग मी पण थोडा जास्त करतो, आम्ही मागे खाऊ.’’ तिथेच मी ॲडव्हान्स दिला.

त्याला चार गोष्टी विचारा. भट्ट्या किती? अख्खा मासा मावेल असं वाफवायचं भांडं आहे का? मासा आम्ही आणला तर चालेल का, आणि करणावळ किती? लाईट गेली तर किचनमध्ये इन्व्हर्टर आहे ना? चौथा प्रश्न विनोदी वाटेल, पण भट्टीचा ब्लोअर विजेवर चालतो आणि ब्लोअरशिवाय ती धग येत नाही. भडकलेल्या भट्टीवर कढई तापून धुरावली की परतलेल्या पदार्थाला जो करपट-खमंग वास येतो, त्याला दक्षिण चीनमधल्या कँटनकडे ‘वोक हे’ म्हणतात. मंद गॅसवर भाजी शिजते, पण हा वास येत नाही.

दोन भट्ट्या असतील तर आयत्या वेळी भट्टीवर होणारे पदार्थ तीनच ठेवा. बाकीचे थंड, आधी शिजवून ठेवलेले किंवा वाफवलेले असू द्या. मेन्यू आखण्याचं खरं गणित हे. चिकन, कोळंबी, भाजी अशी वाटणी सगळेच करतात. कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात आणि किती वाजता होणार, ही वाटणी कुणी करत नाही, आणि मग अकरा पदार्थ पंधरा मिनिटांत येतात.

आमचा ठरलेला मेन्यू

आठ पदार्थ. आठ हा आकडा चिनी लोक समृद्धीचा मानतात. चार टाळतात, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी मिळताजुळता आहे.

सुरुवात दोन थंड पदार्थांनी, आणि हे दोन्ही माणसं येण्याआधीच टेबलावर हवेत. कोकणी वेळेवर येणाऱ्यांना तेवढाच आधार. एक, ठेचलेली काकडी: काकडी सुरीने न कापता बत्त्याने ठेचायची, हाताने तुकडे करायचे, मीठ लावून पाणी काढायचं, मग लसूण, व्हिनेगर, थोडी साखर आणि तिळाचं तेल. कापलेल्या काकडीला हे सगळं वरवर लागतं, ठेचलेलीत मुरतं. तेल भाजलेल्या तिळाचं हवं, देवघरातलं नव्हे. दुसरा, चक्रीफूल आणि मीठ घालून उकडलेल्या शेंगा. आपल्याकडे शेंगा उकडतातच, एक चक्रीफूल टाकलं की त्या परक्या होतात.

तिसरं सूप: खेकड्याचं मांस, मका आणि वरून सोडलेली अंड्याची धार. जुन्या बड्या मेजवान्यांत मानाचं सूप शार्कच्या परांचं असे. आपल्याकडे मोरी, म्हणजे लहान शार्क, खातात म्हणून कुणीतरी ही कल्पना काढतोच. काढू नका. भारतातून शार्कच्या परांची निर्यात २०१५पासून बंद आहे. शिवाय पराला स्वतःची चवच नसते, चव असते ती रश्श्याची.

चौथं माकूल (स्क्विड) किंवा सालासकट कोळंबी, कोरडी, मीठ-मिरीची. इथे आमच्या कोकणाचा एक हात आहे, त्याबद्दल खाली सांगतो. पाचवं चिकन: एक अख्खी कोंबडी सोया सॉस, साखर, आलं, दालचिनी आणि चक्रीफुलाच्या पाण्यात मंद शिजवलेली, दुपारीच तयार, कोमट वाढलेली. कँटनची नुसती उकडलेली पांढरी कोंबडी चवीला जास्त नाजूक असते. पण तिचं हाडाजवळचं मांस गुलाबी राहतं, आणि आमच्या टेबलावर कुणी तिला हात लावला नाही. सहावं तोफू, लसूण आणि मिरचीच्या झणझणीत रसात. सातवी पालेभाजी. नाळीची भाजी मिळाली तर सोनंच. दक्षिण चीनमध्ये हीच भाजी लसूण घालून मोठ्या आचेवर परततात. नाही तर कोवळा पालक. लाल माठ नको, सगळं ताट रंगवतो. आणि आठवा मासा.

मग साध्या नूडल्स किंवा अंड्याचा भात, आणि शेवटी फळं. चीनमध्ये बहुधा संत्र्याच्या फोडी येतात. एप्रिल-मेमध्ये तुम्ही काय ठेवाल, हे मी रत्नागिरीत बसून सांगायला नको.

दहा जणांना आमचं प्रमाण असं: दीड किलोची एक कोंबडी, एक ते सव्वा किलोचा मासा, एक किलो माकूल किंवा कोळंबी, चार मोठे खेकडे, तोफू पाऊण किलो, निवडलेली भाजी एक किलो आणि तांदूळ फक्त अर्धा किलो. अर्धा किलो ऐकून वेटर दोनदा विचारतो. ठाम राहा.

टेबलावर दोघे-तिघे शाकाहारी असले तरी चालतं. काकडी, शेंगा, तोफू आणि भाजी त्यांची, सूप त्यांना वेगळं. मात्र हिरव्या भाजीतसुद्धा ऑयस्टर सॉस घालतात, तो कालवांचा असतो. कारागिराला मशरूमचा सॉस वापरायला सांगा आणि कढई धुऊन घ्यायला सांगा. कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का, हे ग्रुपवर आधीच विचारा.

मासा

मेजवानीचा मुकुट हाच. चिनी भाषेत माशाचा उच्चार ‘यू’, आणि ‘शिल्लक, बरकत’ या अर्थाच्या शब्दाचाही तोच. म्हणून मासा अख्खा येतो, डोकं-शेपटीसकट, आणि जवळपास शेवटी येतो.

तांबोशी, गोब्रा किंवा मोठं पापलेट घ्या. गोब्र्याच्या जातभाईंना कँटनच्या मेजवानीत फार मान आहे. सुरमई वाफवली की कोरडी पडते आणि बांगड्याला त्याचा स्वतःचा वास पुरतो. मिरकरवाडा बंदरावर मासेवाल्या मावशीला नीट सांगावं लागतं, नाही तर हात सवयीने कोयत्याकडे जातो.

‘‘मावशी, तुकडे नकोत. अख्खी तांबोशी. खवलं आणि पोट तेवढं साफ करा.’’

‘‘डोकं ठेवू? भरून तळणार काय?’’

‘‘वाफवणार.’’

‘‘वाफवून?’’ तिने बाजूच्या बाईकडे बघितलं. ‘‘तांबोशी आजारी हाय काय रे बाबा?’’

वाफवलेला मासा म्हणजे पथ्याचं खाणं, हा समज इथे पक्का आहे. तो मोडायचा तर पद्धत तंतोतंत पाळावी लागते. मासा फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर. जाड भागाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन चिरा. ताटात कांद्याच्या पातीच्या दोन काड्या आडव्या ठेवून त्यावर मासा, म्हणजे वाफ खालूनही खेळते. मोदकपात्रात किलोचा मासा मावत नाही. मोठ्या कढईत वाटी उपडी घालून त्यावर ताट ठेवा आणि वर घट्ट झाकण. पाणी खळखळ उकळल्यावरच मासा आत. किलोभराच्या तांबोशीला दहा ते बारा मिनिटं. पापलेट चपटं, त्याला त्याहून थोडी कमी. डोळा पांढरा होऊन बाहेर आला आणि जाड भागात काडी सहज गेली की झालं.

आता सगळे विसरतात ती गोष्ट: ताटात साठलेलं पाणी ओतून द्या. सगळा हिवस वास त्या पाण्यात असतो. मग माशावर आल्याच्या आणि पातीच्या केसासारख्या बारीक काड्या. पळीभर तेल धूर येईपर्यंत तापवून त्यावर ओता. चर्र आवाज यायला हवा, नाही आला तर तेल तापलेलं नाही. शेवटी सोया सॉस, चिमूटभर साखर आणि गरम पाणी एकत्र करून माशाच्या कडेने सोडा, अंगावर नको. हे तेल ओतायचं काम टेबलाशेजारी करायला सांगा. तो वास सुटला की ‘आजारी मासा’ म्हणणारे गप्प होतात.

पापलेट असेल तर दुसरी वाट आहे. दक्षिण चीनच्या तेओच्यू भागातले लोक ते खारवलेली आंबट प्लम, टोमॅटो, आलं आणि खारवलेली मोहरीची भाजी घालून वाफवतात. ती प्लम रत्नागिरीत कुठून आणणार? आम्ही चार आमसुलं घातली. तेओच्यूच्या माणसाला ते पटेल असा माझा दावा नाही, पण आमच्या टेबलावर ताट पुसून घेतलं गेलं.

तिरफळ

सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले, दोन्ही झँथोझायलम. आपण बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून टाकतो आणि खाताना बाजूला काढतो. इथे ती खायची आहेत. वाळलेली तिरफळं फोडून काळं बी फेकून द्या, ते दाताखाली वाळूसारखं कचकचतं. नुसती सालं मंद भाजा, जाड मीठ आणि काळ्या मिरीबरोबर कुटा. ही पूड पुडीत बांधून कारागिराकडे द्या आणि तळलेल्या माकुलावर भट्टीवरून उतरल्यावर भुरभुरायला सांगा. सिचुआन मिरीपेक्षा तिरफळाचा वास उग्र असतो, म्हणून किलोभर माकुलाला एक लहान चमचा. मी पहिल्यांदा तीन घातले होते. भाईंना पुढचे दोन पदार्थ कळलेच नाहीत.

टेबल

गोल टेबल हवंच. पंगतीत शेजारचे दोघे दिसतात, गोल टेबलावर दहाही चेहरे. हॉटेलात नसेल तर मंडपवाल्याकडे मिळतं. आठ जणांना पाच फुटी, दहांना सहा फुटी. मधला फिरता पाट आम्ही सुताराकडून करून घेतला: तीस इंची गोल प्लायवूड, खाली हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं बारा इंची फिरतं बेअरिंग. सहा इंची बेअरिंग स्वस्त पडतं, पण एका कडेला सूपचं भांडं ठेवलं की पाट कलतो. हे आम्ही एका पांढऱ्या शर्टाच्या किमतीत शिकलो.

दाराकडे तोंड येणारी जागा मानाची, तिथे सगळ्यात वडील माणसाला बसवा. दाराला पाठ करून, किचनच्या जवळ, मेजवानी जमवणारा बसतो. ती जागा तुमची. रात्रभर वेटरशी खुणांनी बोलायचं आहे, गप्पांत रमायला मिळणार नाही.

उष्ट्याचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. चिनी मेजवानीतही प्रत्येक पदार्थासोबत वाढायचा वेगळा चमचा किंवा वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्स ठेवण्याची पद्धत आहे. तेव्हा दहा वाढायचे चमचे आधीच मागून घ्या. चॉपस्टिक्स ज्यांना येतात त्यांनी वापराव्यात, काट्याने खाल्लं म्हणून कुणाचं काही अडत नाही. फक्त त्या भातात उभ्या खोचू नका. मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं ते दिसतं.

जेवताना

दोन पदार्थांत बारा ते पंधरा मिनिटं. तुम्ही मान हलवली की पुढचा पदार्थ, हे वेटरशी आधी ठरवा. नवा पदार्थ आधी मानाच्या जागेपुढे थांबतो, मग पाट घड्याळाच्या दिशेने फिरतो. कुणी वाढून घेत असताना पाट फिरवायचा नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकाने थोडंच घ्यायचं, कारण समोरच्याला काय उरलं हे सगळ्यांना दिसत असतं.

सोबत बिनदुधाचा चहा, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा मिळाला तर बरा. तेलकट पदार्थांनंतर जीभ धुऊन निघते. कँटनी लोक कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटून आभार मानतात. आमच्यातल्या मुलांनी हे इतकं उचललं की आता घरी ताक वाढलं तरी बोटं आपटतात.

मासा आला की त्याचं तोंड मानाच्या माणसाकडे. वरची बाजू संपली की मासा उलटायचा नाही, मधला काटा शेपटीकडून उचलून बाजूला काढायचा आणि खालचं मांस घ्यायचं. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या वस्त्यांत, मासा उलटला की होडी उलटते असं मानतात. हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा बाकीचे हसले. आमच्यातला एकजण हसला नाही. त्याच्या वडिलांची बोट आहे. त्याने गुपचूप काटा उचलून दिला, आणि तेव्हापासून ते काम त्याचंच.

पैसे आणि डबे

चीनमध्ये बिल एकजण देतो आणि बाकीचे त्याच्याशी भांडतात. आपण काँट्री काढू. माणशी रक्कम चार दिवस आधी जमा करा, म्हणजे आयत्या वेळी गळती होत नाही. हिशेबात माशाचे पैसे आणि करणावळ वेगळी धरा, हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी धरा, आणि किचनमधल्या माणसांसाठी वेगळं पाकीट ठेवा, कारागिराच्या हातात.

घरून दोन डबे न्या. भात उरला तर तो रात्रीच फ्रिजमध्ये जायला हवा. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला की सकाळी परतूनही भरवशाचा नसतो. माशाचं डोकं आणि ताटातला सोया-आल्याचा रस मात्र कुणाला देऊ नका, जमवणाऱ्याचा तो हक्क. सकाळी उकड्या तांदळाची पातळ पेज करा, त्यात हा रस आणि डोक्याचं मांस सोडा, वरून थोडी पात. चिनी घरांतही सकाळी अशीच पेज होते. लोणच्याची फोड आपली.